कुत्र्याचा चांगला फोटो कसा काढायचा? उंची, चौकट आणि उजेडाचं गणित

'वय आठ महिने, मादी, लसीकरण पूर्ण, स्वभाव प्रेमळ, घर हवं आहे.' व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असे मेसेज रोज फिरतात. खालच्या फोटोत बहुतेक वेळा दिसते ती वरून टिपलेली तपकिरी पाठ, जमिनीकडे झुकलेलं तोंड, मागे पार्किंगमधली स्कूटर आणि अर्धं कापलं गेलेलं शेपूट. मेसेजमधला 'प्रेमळ' हा शब्द त्या फोटोत कुठेच सापडत नाही. वाचणारा पुढच्या मेसेजकडे वळतो.

रस्त्यावरून उचललेल्या किंवा निवारा केंद्रात राहणाऱ्या कुत्र्याची आणि त्याच्या संभाव्य कुटुंबाची पहिली भेट आता प्रत्यक्षात होत नाही, ती मोबाइलच्या स्क्रीनवर होते. त्यामुळे कुत्र्याचं पोर्ट्रेट, म्हणजे त्याचं व्यक्तिचित्र, हा निव्वळ हौसेचा विषय राहिलेला नाही. असं पोर्ट्रेट काढायला महागडा कॅमेरा लागत नाही. कॅमेरा किती उंचीवर धरायचा, चौकटीत काय ठेवायचं, उजेड कुठून घ्यायचा आणि कधी थांबायचं, एवढं कळलं की साध्या फोनवरही काम होतं.

फोटोने खरंच फरक पडतो का?

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दत्तक गेलेल्या चारशेहून अधिक लॅब्राडोर मिश्र जातीच्या कुत्र्यांचे ऑनलाइन फोटो तपासण्यात आले. फोटोतली कोणती वैशिष्ट्यं आणि लवकर घर मिळणं यांचा संबंध दिसतो, हा प्रश्न होता. कुत्रा थेट कॅमेऱ्याकडे पाहतो आहे, उभा आहे, फोटो मोकळ्या जागेत काढला आहे आणि फोटोत कुत्र्याचा आकार नीट दिसेल एवढा आहे, या गोष्टी लवकर दत्तक जाण्याशी जोडलेल्या आढळल्या.

त्याआधी २०१३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी निवारा केंद्रांतल्या कुत्र्यांचे चेहरे अभ्यासले होते. भुवईचा आतला कोपरा वारंवार उंचावणाऱ्या कुत्र्यांना तुलनेने लवकर घर मिळालं, असं त्यात दिसलं. या हालचालीने डोळा मोठा आणि पिल्लासारखा दिसतो. पुढे २०१९ साली अशाच अभ्यासातून कळलं की ही भुवई उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक असतो, पण लांडग्यांमध्ये तो जवळपास नसतोच. भुवईचा अभ्यास फोटोंचा नव्हता, प्रत्यक्ष वागण्याचा होता. तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. माणूस कुत्र्याच्या चेहऱ्यात सगळ्यात आधी डोळे शोधतो. ज्या फोटोत डोळे दिसत नाहीत, तो फोटो अर्ध्याहून जास्त वाया गेलेला असतो.

कॅमेरा किती उंचीवर हवा?

उभ्या माणसाच्या हातातला फोन जमिनीपासून साधारण चार ते पाच फुटांवर असतो. गावठी कुत्र्याचे डोळे जेमतेम दोन फुटांवर. वरून फोटो काढला की डोकं मोठं, पाय आखूड आणि पाठ सपाट दिसते. डोळे भुवयांखाली झाकले जातात आणि मागची पूर्ण जागा फरशी किंवा रस्ता व्यापतो. त्या फोटोत कुत्रा 'खाली' असतो.

उपाय साधा आहे. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या रेषेत न्यायचा. त्यासाठी गुडघ्यावर बसावं, मांडी घालावी किंवा सरळ पोटावर झोपावं. पिल्लू असेल तर फोन उलटा धरावा, म्हणजे लेन्स जमिनीच्या अगदी जवळ येते.

कॅमेऱ्याची उंची बदलली की फोटोचा अर्थ कसा बदलतो, याचं प्रसिद्ध उदाहरण एलियट एरविट या छायाचित्रकाराचं आहे. 'मॅग्नम' या संस्थेचे सदस्य असलेल्या एरविट यांनी अनेक दशकं कुत्र्यांचे फोटो काढले. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली काढलेल्या त्यांच्या एका फोटोत तीन जण आहेत: ग्रेट डेन जातीचा भलामोठा कुत्रा, एक बाई आणि टोपी घातलेला चिमुकला चिवावा. पण कॅमेरा चिवावाच्या उंचीवर असल्याने ग्रेट डेनचे फक्त पाय दिसतात आणि बाईचे फक्त बूट. पूर्ण दिसतो तो एकटा चिवावा. उभं राहून काढला असता, तर त्याच फोटोत चिवावा पायाशी पडलेली एक वस्तू ठरला असता.

खाली बसणं प्रत्येकाला जमत नाही. गुडघे दुखत असतील तर कुत्र्याला वर आणता येतं. अमेरिकन कलाकार विल्यम वेगमन १९७० च्या दशकापासून आपल्या वायमारानर जातीच्या कुत्र्यांचे फोटो काढत आले. त्यांनी वापरलेल्या कॅमेऱ्यांपैकी एक होता २० बाय २४ इंचांची प्रिंट देणारा अवजड पोलरॉइड. तो घेऊन कुत्र्यामागे धावणं शक्यच नव्हतं. म्हणून ते कुत्र्यालाच स्टुलावर किंवा चौथऱ्यावर बसवून नजरेच्या उंचीवर आणत. घरात हेच काम ओटा, जिन्याची पायरी किंवा दिवाण करू शकतो. फक्त जागा घसरडी नसावी आणि कुत्र्याला स्वतःहून उतरता येईल इतकीच उंच असावी.

नाक एवढं मोठं का दिसतं?

फोन जवळ नेऊन काढलेल्या फोटोत कुत्र्याचं नाक फुगलेलं आणि कान लहान दिसतात. याचा दोष सहसा लेन्सला दिला जातो, पण खरं कारण अंतर आहे. मध्यम आकाराच्या कुत्र्याच्या नाकाचा शेंडा त्याच्या डोळ्यांच्या साधारण १० सेंटिमीटर पुढे असतो. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर डोळे ४० सेंटिमीटरवर पडतात. म्हणजे नाक डोळ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं. फोन दीड मीटरवर नेला तर हीच अंतरं १५० आणि १६० सेंटिमीटर होतात आणि फरक सात टक्क्यांच्या आसपास उरतो.

म्हणून चेहऱ्याचं खरं रूप हवं असेल तर दीड-दोन मीटर मागे सरकावं आणि झूम वापरावा. फोनमध्ये दोनपट किंवा तीनपटीची वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती उत्तम. नसेल तर दूरवरून काढलेला फोटो नंतर थोडा कापून घेतला तरी चालतो. कॅमेरा असल्यास ५० ते १३५ मिलिमीटरच्या दरम्यानची लेन्स पोर्ट्रेटला सोयीची पडते. मोठ्या नाकाचा गमतीदार फोटो मुद्दाम काढायला हरकत नाही. फक्त तो एकमेव फोटो नसावा, कारण त्यावरून कुत्रा ओळखता येत नाही.

चौकटीत काय ठेवायचं?

फोनच्या कॅमेऱ्यात 'ग्रिड' चालू केलं की स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा येतात. डोळे वरच्या आडव्या रेषेच्या आसपास ठेवले की चेहरा चौकटीत नीट बसलेला वाटतो. कुत्रा एका बाजूला पाहत असेल तर त्याच्या नाकासमोर मोकळी जागा सोडावी आणि मागे कमी. उलट केलं तर कुत्रा भिंतीला नाक लावून उभा आहे असं वाटतं. कुत्रा थेट समोर पाहत असेल तर त्याला मधोमध ठेवण्यातही काही चूक नाही. अनेक ॲपवर फोटो चौकोनात कापला जातो, तेव्हा मधला चेहरा वाचतो.

उभी चौकट की आडवी, हे कुत्र्याच्या आकारावरून ठरतं. बसलेला कुत्रा वर निमुळता होत जाणाऱ्या त्रिकोणासारखा असतो, त्याला उभी चौकट शोभते. पाय पसरून पहुडलेला कुत्रा आडव्या चौकटीत बसतो.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते कडांवर. कानाचं टोक, पंजा किंवा शेपटीचा शेंडा जेमतेम कापला गेला की ती चूक वाटते. पूर्ण कुत्रा घ्यायचा असेल तर चारी बाजूंना थोडी जागा ठेवून पूर्णच घ्यावा. जवळून घ्यायचा असेल तर छातीच्या मध्यावर किंवा खांद्याशी ठामपणे कापावा. सांध्यावर, म्हणजे गुडघ्यावर किंवा पंजाच्या वर, चौकट संपली की पाय तुटल्यासारखा दिसतो. अगदी जवळच्या चेहऱ्यात कानाची टोकं बाहेर गेली तरी चालतात. मात्र दोन्ही जावीत, एकच नको.

मागे काय आहे?

फोटो काढताना नजर कुत्र्यावर खिळलेली असते आणि मागचा विजेचा खांब दिसत नाही. फोटोत तोच खांब कुत्र्याच्या डोक्यातून उगवतो. दरवाजाची चौकट, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी, बादलीचा कान अशा गोष्टी डोळ्याला सवयीच्या असतात, कॅमेऱ्याला नसतात. बटण दाबण्याआधी कुत्र्याच्या बाह्यरेषेभोवती एकदा नजर फिरवावी. बऱ्याचदा एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकलं की प्रश्न सुटतो.

दुसरा मुद्दा रंगाचा. तांबूस कुत्रा लाल मातीवर, काळा कुत्रा अंधाऱ्या जिन्यासमोर आणि पांढरा कुत्रा चुन्याच्या भिंतीसमोर हरवून जातो. तांबूस रंगाला हिरवं झुडूप किंवा निळा दरवाजा उठाव देतो. काळ्याला मध्यम उजळ, साधी पार्श्वभूमी बरी. भिंतीला टेकून बसवण्याऐवजी कुत्रा भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे असला तर मागचा भाग आपोआप धूसर होतो. फोनचा 'पोर्ट्रेट मोड' हीच धूसरता सॉफ्टवेअरने आणतो, पण कानांचे केस आणि मिशा त्यात पुष्कळदा पुसल्या जातात. म्हणून फोटो मोठा करून कडा तपासाव्यात.

निवारा केंद्रात कुत्रा जाळीमागे असतो आणि फोन जाळीवरच फोकस करतो. बाहेर आणणं शक्य नसेल तर लेन्स जाळीच्या एका भोकाला अगदी चिकटवून धरावी. तार लेन्सच्या आड राहिली तरी इतकी जवळ येते की फोटोत ती विरून जाते.

उजेड आणि काळ्या कुत्र्याचा प्रश्न

कुत्र्याच्या पोर्ट्रेटसाठी सर्वात सोपा उजेड म्हणजे उघड्या आकाशाखालची सावली: झाडाच्या सावलीची कड, इमारतीची सावलीतली बाजू, घराच्या उंबरठ्याच्या आत एक-दोन फूट किंवा मोठी खिडकी. कुत्र्याचं तोंड उजेडाकडे असावं. मग आकाशाचं किंवा खिडकीचं प्रतिबिंब डोळ्यांत लहानशी चमक बनून दिसतं. ही चमक नसेल तर गडद डोळे खोबणीसारखे वाटतात.

सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन चांगलं. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, कुत्रा डोळे मिचकावतो आणि तापलेल्या डांबरावर त्याचे पंजे भाजू शकतात. पावसाळ्यातलं ढगाळ आकाश मात्र वरदानच. मऊ, पसरलेला उजेड सगळीकडून येतो. फक्त आधी टॉवेलने अंग पुसावं, कारण ओल्या केसांच्या बटा झालेला कुत्रा असतो त्यापेक्षा हडकुळा दिसतो.

फ्लॅश टाळावा. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो. त्यामुळे त्याला कमी उजेडात बरं दिसतं, पण फ्लॅश त्यावर आदळला की डोळे हिरवे-पिवळे पेटलेले दिसतात. प्रेमळ कुत्राही त्या फोटोत भीतीदायक वाटतो.

काळ्या कुत्र्यांना घर मिळायला जास्त वेळ लागतो, असं पुष्कळ ठिकाणी मानलं जातं. त्याबाबतच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. फोटोत मात्र काळा कुत्रा खरोखरच अडचणीत येतो, कारण कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. चौकट काळ्या केसांनी भरली की तो फोटो उजळ करतो आणि काळा रंग राखाडी होतो. मागे लख्ख आकाश असलं की तो सगळं गडद करतो आणि कुत्र्याचा नुसता काळा ठसा उरतो. पांढऱ्या कुत्र्याचं उलट. चौकट पांढऱ्या केसांनी भरली की फोटो मळकट येतो.

यावर तोडगा असा: स्क्रीनवर कुत्र्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवावं आणि बाजूला दिसणारी उजेडाची खूण वर-खाली सरकवून केसांचा रंग खरा दिसेपर्यंत थांबावं. काळ्या कुत्र्याला एका बाजूने येणारा मऊ उजेड द्यावा. केसांवर आलेल्या चकाकीमुळे गाल, कपाळ आणि जबडा वेगवेगळे दिसू लागतात.

फोकस कुठे?

फोकस डोळ्यावर, नाकावर नाही. कुत्रा तिरका असेल तर जवळच्या डोळ्यावर. फोन आणि कॅमेरा स्वतःहून सर्वात पुढची वस्तू पकडतात आणि कुत्र्यात ती नेमकी नाक असते. प्राण्यांचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरणारी सोय २०१९ पासून काही कॅमेऱ्यांत आली आणि आता ती बऱ्याच ठिकाणी मिळते. ती नसेल तर डोळ्यावर बोट टेकवणं हाच मार्ग.

कॅमेऱ्याचं ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की डोळे स्पष्ट आणि नाक धूसर येतं. लांब तोंडाच्या कुत्र्यांत, उदाहरणार्थ महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारवान किंवा मुधोळ हाउंडमध्ये, हे जास्त जाणवतं. एफ ४ ते एफ ५.६ इतकं ठेवलं की चेहऱ्याचा बहुतेक भाग स्पष्ट राहतो. बसलेल्या कुत्र्यालाही शटर स्पीड १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवा, कारण कान आणि मान सतत हलत असतात. धावणाऱ्या कुत्र्याला १/१००० लागतो. फोनवर सलग फोटो काढण्याची सोय वापरावी. वीस फोटोंतून एक चांगला निघाला तरी पुष्कळ.

लक्ष कसं वेधायचं आणि कधी थांबायचं?

कुत्र्यांच्या जगात एकटक रोखून पाहणं म्हणजे आव्हान असतं. आणि लेन्स म्हणजे न मिटणारा मोठा डोळा. म्हणून कॅमेरा लगेच तोंडासमोर धरू नये. आधी बाजूला तोंड करून बसावं, फोन जमिनीवर ठेवून हुंगू द्यावा, बिस्किटाचा तुकडा द्यावा. कुत्र्याचं फोनवरचं कुतूहल संपलं की मग काम सुरू करावं.

नजर हवी असेल तर खाऊ लेन्सच्या अगदी वर धरावा. फार वर धरला तर कुत्रा आकाशाकडे पाहतो. अनोखा आवाज, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीचा खसखसाट, जिभेची टकटक किंवा हलकी शीळ, ऐकला की कान उभे राहतात आणि मान कलते. पण हा उपाय दोन-तीनदाच चालतो, मग कुत्र्याला त्याची सवय होते. त्यामुळे चौकट, उजेड आणि फोकस आधी ठरवून आवाज सर्वांत शेवटी काढावा. खेळणं दाखवायचं तर निळं किंवा पिवळं. कुत्र्याला मुख्यतः हेच रंग ओळखू येतात. हिरव्या गवतावरचा लाल चेंडू त्याला सहज वेगळा दिसत नाही.

कुत्रा 'नको' म्हणतो तेव्हा तो भुंकतोच असं नाही. झोप आलेली नसताना जांभई देणं, खायला काही नसताना ओठ चाटणं, तोंड फिरवणं, कान मागे घेणं, शेपूट पायांत घालणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या ताणाच्या खुणा आहेत. माणसाला 'हसरा' वाटणारा उघडा जबडाही कधी उकाड्याने किंवा घाबरल्याने लागलेली धाप असते. अशा वेळी फोन खाली ठेवावा आणि कुत्र्याला लांब जाऊ द्यावं. फोटोसाठी अनोळखी कुत्र्याला मिठी मारणं, लहान मुलाला त्याच्या गळ्यात हात टाकायला लावणं किंवा रस्त्यावरच्या व्यायलेल्या कुत्रीच्या पिल्लांजवळ जाणं, यातून चावण्याचे प्रसंग ओढवतात. दोन-तीन मिनिटं काम आणि मग विश्रांती, एवढा वेग पुरेसा आहे.

घर शोधायचं असेल तर कोणते फोटो?

एकाच फोटोत सगळं सांगता येत नाही. दत्तक देण्याच्या मेसेजसोबत चार फोटो असले तर बघणाऱ्याचे बहुतेक प्रश्न सुटतात.

पहिला, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला, कॅमेऱ्याकडे पाहणारा चेहरा. मेसेजमध्ये हाच सर्वात वर असावा.

दुसरा, उभ्या कुत्र्याचा बाजूने पूर्ण फोटो. यातून बांधा, पाय आणि शेपूट कळतं.

तिसरा, माणसासोबतचा. पूर्ण माणूस नसला तरी चालतं. कुत्र्याच्या मानेवरचा हात किंवा शेजारी उभे असलेले पाय दिसले तरी त्याचा आकारही कळतो आणि तो माणसाजवळ कसा राहतो हेही कळतं.

चौथा, जे लपवायचा मोह होतो ते दाखवणारा. तीन पायांवर चालणारा कुत्रा तीन पायांवरच दिसावा, म्हातारीचं पांढरं तोंड पांढरंच राहावं. निर्बीजीकरण झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला खाच दिलेली असते. तो कान फोटोत आला तर ती माहितीच ठरते.

फोटो काढण्याआधी डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण ओल्या कापसाने पुसावी आणि कानावरच्या गोचिड्या काढाव्यात. जाड साखळी किंवा दोरीऐवजी साधा पट्टा घालावा. नंतर फोनवर चौकट सरळ करणं, कडा कापणं, सावल्या थोड्या उजळवणं योग्यच. केसांचा रंग बदलणारे फिल्टर मात्र टाळावेत. फोटोत सोनेरी दिसलेलं पिल्लू प्रत्यक्षात मातकट निघालं की घेऊन जाणाऱ्याची निराशा होते आणि परत येण्याचा त्रास पिल्लाला सोसावा लागतो.

फोटो चांगला झाला की नाही, हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. तोच फोटो त्या कुत्र्याला रोज खायला घालणाऱ्या माणसाला दाखवावा. 'छान आलाय' एवढंच म्हटलं तर आणखी दोन मिनिटं जमिनीवर बसायला हरकत नाही. नाव घेऊन 'ही अशीच बघते' असं म्हटलं, तर तो फोटो मेसेजसोबत पाठवायला तयार आहे.